आईचे मूत्रपिंड, मुलाचे मन

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा मलकापूर-नांदुऱ्याकडच्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको. मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण या भागात बरेच. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास डायलिसिस आले. मग घरातले कोणी आपले एक मूत्रपिंड देऊ करते. बहुधा आई किंवा पत्नी. (आपल्या देशात जिवंत दात्यांत स्त्रियाच फार जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष. हा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही.)

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की प्रश्न सुटला, असे आपण धरून चालतो. डायलिसिसच्या मानाने रुग्णाचे जगणे सुधारते, हे खरेच. पण मनावर एक ओझे राहते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने आपला जुळा भाऊ रिचर्ड याला मूत्रपिंड दिले. हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली होती, की तू इथून घरी निघून जा. रोनाल्ड गेला नाही. घेणाऱ्याच्या मनातला संकोच असा पहिल्या दिवसापासूनचा आहे. ज्याची परतफेड होऊच शकत नाही, असे हे देणे.

'माझ्यामुळे आईला काही झाले तर?' या भीतीवर माहितीचा उपयोग होतो. दात्याचे उरलेले मूत्रपिंड काही आठवड्यांतच आकाराने वाढते व जास्त काम करू लागते. दाता नीट निवडला असेल, तर त्याला धोका थोडा असतो. मात्र मुळीच नसतो असे नाही, आणि तसे सांगूही नये.

दुसरी भीती, शरीर हे मूत्रपिंड नाकारील ही. ते टाळण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागतात. त्यांपैकी स्टेरॉइडमुळे चेहरा गोल होतो, भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते. म्हणजे मनाची काही अस्वस्थता चक्क रासायनिक असते. तिला स्वभावदोष समजू नये.

वर्गात असा विद्यार्थी असेल, तर हे विशेष लक्षात घ्यावे. चेहऱ्यावरून चिडवले गेले की किशोरवयातली मुले गुपचूप गोळ्या टाळतात आणि मिळालेले मूत्रपिंड गमावून बसतात. त्याला तासाला पाणी पिऊ द्यावे, लघवीला जायची परवानगी मागायला लावू नये. आणि 'आईचे उपकार विसरू नकोस' हे वाक्य त्याला ऐकवू नये. ते त्याने घरी पुष्कळदा ऐकलेले असते.