तांदूळ किती पांढरा हवा?

‘ताई, किती पांढरा करू?’

घोटीच्या एका भातगिरणीत यंत्र चालवणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारला आणि मी गप्प राहिले. आमच्या नाशिकच्या घरात वर्षाचा तांदूळ घोटीहून भरायची रीत जुनी आहे. पण आजवर तो पोत्यात बंद होऊन, पांढराशुभ्रच यायचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रथमच मी तांदळाऐवजी भाताची दोन पोती घेतली. इकडे ‘भात’ म्हणजे टरफलासकटचा दाणा. गिरणीतून निघाला की तो ‘तांदूळ’ होतो. भाताचा तांदूळ होताना त्यातले काय जाते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

नाशिक जिल्हा म्हटले की द्राक्षे आणि कांदा आठवतो. पण जिल्ह्याचा पश्चिम कोपरा भाताचा आहे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या जेमतेम चौथाई. इगतपुरी तालुक्यातले घोटी हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे आणि रेल्वेमार्गावरचे बाजारगाव. थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली १८६५ साली. खाचरांतले भात या पेठेत येते, भरडले जाते आणि तांदूळ होऊन बाहेर जाते.

भाताच्या दाण्याची रचना साधी आहे. बाहेर तूस, ते वजनाने साधारण पाचवा हिस्सा. त्याच्या आत तांबूस-करडा पातळ थर, तो कोंडा. टोकाशी कोंब. मधला पांढरा भाग म्हणजे पिष्ट. तूस माणसाला पचत नाही, ते काढावेच लागते. कोंड्याची गोष्ट वेगळी. दाण्यातले तेल, तंतू आणि ब जीवनसत्त्वे प्रामुख्याने कोंड्यात आणि कोंबात असतात. नुसते तूस काढले तर १०० किलो भाताचा ७५ ते ८० किलो असडी तांदूळ मिळतो. कोंडा पूर्ण उतरवून पांढरा केला तर कणीसह ६५ ते ७० किलो उरतो. म्हणजे क्विंटलमागे दहाएक किलो अन्न आपण रंगापायी उतरवतो. ते गुरांना जाते किंवा तेलाच्या कारखान्याला.

उखळ-मुसळाच्या काळात हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण पांढरेपणाचे मोल हाताने मोजावे लागे. पहिल्या कांडणात तूस सुटायचे, बुरुडाच्या हातच्या सुपात पाखडून ते उडवायचे. मग तांदूळ पुन्हा उखळात घालून सडायचा. जितके जास्त सडावे तितका कोंडा उतरे. कणी घोळून वेगळी काढायची, तिची पेज व्हायची. सणाला आणि पाहुण्याला अधिक सडलेला, रोजच्याला कमी. घरात धान्य आणि कांडायला हात भरपूर असतील तरच पांढरे खायला मिळे. भरभराट झाली की ‘उखळ पांढरे झाले’ असे मराठीत म्हणतात आणि गरजवंताबद्दल ‘निजेला धोंडा, भुकेला कोंडा’. पांढरे म्हणजे श्रीमंती आणि कोंडा म्हणजे गरिबी, हे आपल्या भाषेतच मुरले आहे.

गिरणीने ही श्रीमंती सर्वांना स्वस्तात दिली. जुन्या लोखंडी हलरमध्ये तूस आणि कोंडा एकदमच निघत, दाणा तुटून कणीही बरीच पडे. नव्या गिरणीत रबरी रुळांची जोडी असते. दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्यांच्यामधून जाताना भाताचे तूस सोलले जाते. पुढचे यंत्र दाणे घासून कोंडा उतरवते, त्याला सारे ‘पॉलिश’ म्हणतात. ही दोन कामे वेगळी आहेत, म्हणूनच ‘किती पांढरा’ असे विचारता येते.

पांढऱ्या तांदळाची किंमत जगाला उशिरा कळली. १८९०च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आइकमन या डच डॉक्टरला दिसले की सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि असडी दिला की सावरतात. बेरीबेरीचे मूळ त्यातून उलगडत गेले. कोंड्याबरोबर जाणारे ब-१ जीवनसत्त्व हे त्याचे कारण. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळाले. आपल्याकडे १९३४ साली वर्ध्यात गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम उभे केले आणि हातसडीच्या तांदळाचा प्रसार हा त्यातला एक मुख्य भाग होता. १९५८च्या भातगिरणी नियमन कायद्यात नव्या गिरणीमुळे त्या भागात बेकारी वाढेल का, हे पाहण्याची तरतूद होती. तो कायदाही १९९७ साली रद्द झाला.

हे सारे वाचून मी आईला उत्साहाने सांगू लागले. तिचे माहेर घोटीजवळच्या वाडीवरचे. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, ‘मुसळाचे कौतुक मला सांगू नकोस. पहाटे चारला उठून आम्ही कांडायचो. हाताला घट्टे पडायचे, शाळा सुटली ती त्यातच.’ गिरणी आली तेव्हा वाडीतल्या बायांनी सुटकेचा श्वास टाकला होता. हातसडीचा गौरव करणाऱ्या लेखांत ते हात कोणाचे, हे क्वचितच येते. आता मुसळ लग्नघरी आंब्याची पाने बांधून हळद कुटण्यापुरते उरले आहे, आणि ते तिथेच बरे.

पण मुसळ नको म्हणून कोंडाही नको, असे नाही. रबरी रुळांनी बायांचे कष्ट वाचवले. पॉलिशने कोणाचेच कष्ट वाचत नाहीत. पहिले यंत्र ठेवून दुसऱ्याला हलकाच हात लावू द्यायला काय हरकत आहे?

अडचण एकच. कोंड्यात तेल असते. तूस निघाले की ते हवेने खवट होऊ लागते, म्हणून असडी तांदूळ दोन-चार महिन्यांपलीकडे ठेवू नये. व्यापाऱ्याला पांढरा तांदूळ सोयीचा वाटतो तो यासाठीही. जुन्या घरांनी यावर तोड काढली होती. शेणामातीने लिंपलेल्या कणगीत वर्षभर भात ठेवायचे आणि लागेल तेवढेच कांडायचे. तूस हेच दाण्याचे सर्वांत चांगले वेष्टन. शिवाय भात पेरता येते, तांदूळ पेरता येत नाही.

गिरणीतल्या माणसाला शेवटी मी म्हटले, ‘एकच पोते भरडा, आणि कोंडा राहू द्या.’ त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. घरी पहिल्या दिवशी भात जरा चिवट झाला; तांदूळ तासभर भिजवला तेव्हा जमला. आईने तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला. ‘आमचा रोजचा असाच असायचा,’ एवढेच म्हणाली. दुसरे पोते तूस अंगावर घेऊन माळ्यावर होते. होळी झाल्यावर ते घेऊन मी पुन्हा घोटीला गेले.