गाडीखालची पेटी

संपादकांना लेख हवा होता रिमोटवर पळणाऱ्या नायट्रो गाड्यांवर. त्यांचा वेग, कानठळ्या बसवणारा आवाज, मागे सुटणारा निळसर धूर. गाड्या पाहिल्या आणि आवडल्याही. पण लिहावंसं वाटलं ते त्यांच्या शेजारी मातीत ठेवलेल्या एका काळ्या पेटीबद्दल. तिच्याशिवाय शर्यतीतल्या या गाड्या जागच्या हलत नाहीत, आणि तरीही तिचा फोटो कुणी काढत नाही.

आधी गाडीविषयी थोडं. शर्यतीत पळणारी एक-अष्टमांश मापाची बग्गी अर्ध्या मीटरच्या आसपास लांब आणि सव्वातीन किलोच्या आगेमागे वजनाची असते. तिच्यात ३.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. ते मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे मारतं. इंधन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं. स्कूटरसारखा ठिणगी पाडणारा प्लग इथे नाही. त्याऐवजी ग्लो प्लग असतो, म्हणजे प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेचं वेटोळं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलनं ते लाल करायचं. इंजिन एकदा धरलं की सेल काढून घ्यायचा. पुढे दाबाच्या उष्णतेवर आणि मिथेनॉल-प्लॅटिनमच्या रासायनिक क्रियेवर तार स्वतःच तापलेली राहते.

प्रश्न असतो पहिल्या फेऱ्यांचा. गाडीत सेल्फ-स्टार्टर नाही. हौशी गाड्यांना दोरी ओढून फिरवायची सोय असते. शर्यतीच्या गाड्यांतून ती काढून टाकतात, कारण तिथे वजनाचा ग्रॅम-ग्रॅम मोजला जातो. म्हणून ही पेटी. तिच्या माथ्यावरच्या फटीतून रबराचं चाक डोकावतं. गाडीच्या तळपट्टीलाही तशीच फट असते आणि तिच्यातून इंजिनाचं फ्लायव्हील दिसतं. गाडी पेटीवरच्या खुंट्यांत बसवून खाली दाबली की आतला मायक्रोस्विच लागतो, मोटर फिरते, रबरी चाक फ्लायव्हीलला घासतं आणि इंजिन फिरू लागतं. गाडी उचलली की पेटी बंद. इतकंच तिचं काम.

इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ग्लो प्लग बाजारात आणला तो अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी, १९४०च्या दशकात. अशी छोटी इंजिनं बनवणाऱ्या ओसाकाच्या ओ. एस. इंजिन्सचा व्यवसाय १९३६पासूनचा. एक-अष्टमांश ऑफ-रोड गाड्यांच्या जागतिक स्पर्धा १९८६पासून होत आल्या आहेत. या सगळ्या इतिहासात पेटीला जागा नाही. मला मात्र तिच्या पोटातल्या एका भागानं गुंतवून ठेवलं.

पुण्यात बुधवार पेठेच्या बाजूला एक काका या पेट्या दुरुस्त करतात. त्यांचं मूळ काम मोटारगाड्यांच्या वायरिंगचं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून काकाच म्हणतो. पोरं पेटी घेऊन येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं : "काका, मोटर गेली. जरा मोठी टाकून द्या ना."

काका मोटरला हात लावत नाहीत. "अरे, आधी करंट कुठं अडतोय ते तर बघू," म्हणतात आणि मल्टिमीटरची एक टोकणी मायक्रोस्विचच्या एका पायाला लावतात, दुसरी दुसऱ्याला. मग पोराला चाकावर लाकडाचा ठोकळा दाबून धरायला सांगतात. चाकावर भार असताना स्विचच्या दोन पायांमध्ये जवळपास शून्य व्होल्ट दिसायला हवेत. काट्यानं एक-दीड व्होल्ट दाखवले की दोषी सापडला. तेवढे व्होल्ट मोटरपर्यंत पोचतच नाहीत, स्विचमध्येच उष्णता होऊन जातात.

हा मायक्रोस्विच मोठा गुणी भाग आहे. अमेरिकेतल्या फ्रीपोर्ट गावच्या पीटर मॅकगॉल यांनी तो १९३२मध्ये शोधला. आत धातूची वाकवलेली पातळ पट्टी असते. बटण कितीही हळू दाबा, ठरावीक बिंदू आला की पट्टी झटक्यात पलटते. बोटाच्या वेगाशी कॉन्टॅक्टचा काही संबंध राहत नाही. काकांनी एक जळका स्विच उघडून भिंगाखाली धरला. एका बाजूच्या चांदीच्या ठिपक्याला खड्डा पडला होता, समोरच्या ठिपक्यावर तेवढाच उंचवटा आला होता. एकीकडचा धातू उडून दुसरीकडे जाऊन बसला होता.

असं का होतं, हे समजून घेताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. स्विचवर छापलेलं असतं : १५ अँपिअर, २५० व्होल्ट. वाचणाऱ्याला वाटतं, बारा व्होल्टला हा भरपूर झाला. पण तो आकडा घरातल्या एसी विजेचा आहे. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि स्विच उघडताना पडलेली ठिणगी तिथे विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, त्यामुळे ठिणगी ताणली जाते आणि धातू खात राहते. त्यातून मोटरची गुंडाळी. तिच्यातला प्रवाह एकदम तोडला की ती उसळून प्रतिकार करते.

आणि प्रवाह तरी किती? मोटरच्या गुंडाळीचा रोध ०.१५ ओहम धरला, तर उभ्या मोटरला बारा व्होल्ट दिल्यावर हिशोबानं ८० अँपिअर येतात. मोटर फिरू लागली की ती स्वतःच उलटा दाब तयार करते आणि प्रवाह घटतो. पण नायट्रो इंजिन तिला सहज फिरू देत नाही. याच्या सिलिंडरची स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. इंजिन तापल्यावर स्लीव्ह फुगते आणि पिस्टनला बरोबर जागा मिळते. थंड असताना, त्यातही नवं असताना, पिस्टन वर जाऊन आवळला जातो. प्रत्येक फेऱ्यात मोटर त्या बिंदूपाशी अडते आणि प्रत्येक अडण्याला प्रवाह उसळतो. त्या छोट्या स्विचनं हे सगळं सोसावं अशी अपेक्षा स्वस्तातल्या पेट्या बनवणाऱ्यांनी केली, हे मला न पटणारं आहे. चार पैसे वाचवण्यासाठी कमकुवत जागा मुद्दाम ठेवल्यासारखं ते आहे.

काकांचा उपाय कुठल्याही मोटारगाडीत सापडतो : हॉर्नचा किंवा हेडलाइटचा बारा व्होल्टचा, ४० अँपिअरचा रिले. पुण्यातल्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. मायक्रोस्विच फक्त रिलेच्या कॉइलला, म्हणजे ८५ आणि ८६ या पायांना, वीज देतो. कॉइल अँपिअरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढाच प्रवाह घेते. मोटरचा जड प्रवाह ३० आणि ८७ या पायांतून जातो. कॉइलच्या दोन पायांवर एक १एन४००७ डायोड, त्याचा पांढरा पट्टा पॉझिटिव्हकडे, म्हणजे कॉइलची उसळी स्विचपर्यंत जात नाही. रिलेचे पॉइंटही कधीतरी जळणार, पण तो सॉकेटमध्ये बसवलेला असतो. खेचून काढायचा, नवा लावायचा.

दुसरं काम वायरचं. पेटीत मुळात ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर असली आणि ती जाऊन-येऊन एक मीटर भरली, तर ५० अँपिअरला सव्वा व्होल्टच्या आसपास वायरच खाते. ४ चौरस मिलिमीटरची घातली की तोटा पाव व्होल्टच्या आत येतो. मग थिंबल नीट दाबणं, सोल्डर चकचकीत बसवणं, बॅटरीजवळ फ्यूज टाकणं. मोटरचे कार्बन झिजलेत का, कॉम्युटेटर काळा पडलाय का, बुशच्या जागी बेअरिंग बसतंय का, हे त्यानंतर. रबरी चाकावर इंधनातलं तेल बसून ते गुळगुळीत झालं असेल तर पॉलिश पेपर मारायचा. एवढं झाल्यावर पोरगा विचारतो, "मोठी मोटर टाकली का?" तीच जुनी मोटर असते. या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो याच कारणानं. जास्त पैसे मिळाले असते ते काम न करता तो योग्य ते करतो.

आता अडचणी.

मोठी मोटर आणि जास्त सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी लावायचा मोह धोक्याचा आहे, आणि धोका पेटीला नसून इंजिनाला आहे. सुरू करताना इंधन जास्त गेलं की सिलिंडरमध्ये द्रव साचतो. द्रव दबत नाही. दोरी ओढणाऱ्याच्या हाताला ते कळतं, तो थांबतो. पेटीला कळत नाही. कमी ताकदीची पेटी निदान अडून उभी राहते. ताकदवान पेटी पिस्टन पुढे रेटते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून काका तीन सेलच्या वर जात नाहीत, आणि नवं इंजिन हीट गननं ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवूनच पेटीवर ठेवायला सांगतात. मोटर बदलली तर फिरण्याची दिशाही तपासावी लागते. या इंजिनात इंधन आत घेण्याची वेळ क्रँकशाफ्टवरच कोरलेली असते, उलटं फिरवून ते नीट चालत नाही.

बॅटरीचा प्रश्न वेगळाच. बहुतेक पेट्यांत यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी बसते. शर्यतींचा हंगाम संपतो, पेटी कपाटावर जाते, बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहते आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं. लिपो हलकी आणि जोरकस, पण एका सेलचा दाब तीन व्होल्टच्या खाली गेला की बिघडते, आणि चुकीच्या चार्जिंगनं पेट घेते. शेजारी मिथेनॉलचा डबा असताना हे विसरून चालणार नाही. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतही नाही.

इंधनाची अडचण पेटीच्या आवाक्याबाहेरची आहे. नायट्रोमिथेन स्फोटकांसाठी वापरलं जाऊ शकतं, म्हणून युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२१पासून सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोचं इंधन विकायला बंदी केली. त्याआधीची मर्यादा ३० टक्के होती. आपल्याकडे मिथेनॉलबद्दलची सावधगिरी दुःखातून आली आहे. जून २०१५मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. मिथेनॉलच्या विक्रीवर कडक नजर असणं योग्यच आहे. पण त्यामुळे हौशी माणसाला इंधन मिळवणं जिकिरीचं होतं. ज्वालाग्राही द्रव म्हणून ते साध्या हवाई पार्सलनं मागवताही येत नाही.

शिवाय विजेवर, ब्रशलेस मोटरनं चालणाऱ्या बग्ग्या आल्या आहेत. त्यांना पेटी लागत नाही, ग्लो प्लग लागत नाही, इंजिन तापवावं लागत नाही. बटण दाबलं की पळतात. नवा मुलगा तीच घेणार, आणि त्यात त्याची चूक नाही. पण जुन्या पेट्यांचे सुटे भाग त्यामुळे मिळेनासे होतात. सर्वांत आधी जातं ते रबरी चाक. योग्य व्यासाचं, योग्य कडकपणाचं चाक मिळालं नाही, की चांगल्या वायरिंगची पेटीही निरुपयोगी होते. काकांकडे अशा पेट्यांचा ढीग आहे. त्यांच्या हाताखाली हे काम शिकणारं सध्या कुणी नाही, याची मला खरी काळजी वाटते.

तुमच्याकडे अशी पेटी असेल तर ती भंगारात देऊ नका. बॅटरी बाहेर काढून चार्ज करून ठेवा, मायक्रोस्विचच्या मागे रिले बसवून घ्या, वायर जाड करा, मोटर आहे तीच राहू द्या. आणि इंजिन अडलेलं वाटलं तर ग्लो प्लग काढून, गाडी उलटी करून आतलं इंधन बाहेर पडू द्या. त्याआधी ती पेटीवर ठेवू नका.