रनरिग : गॅलिक भाषेला रॉकच्या मंचावर नेणारा वाद्यवृंद



रॉक संगीत म्हटले की आपल्या पिढीतील पुष्कळांच्या कपाळावर आठी उमटते. आज मात्र ज्या वाद्यवृंदाची ओळख करून द्यायची आहे, त्याची कथा आपल्यासारख्या, मुलुखाबाहेर तीन-चार पिढ्या राहून मराठी टिकवू पाहणाऱ्या मंडळींना परकी वाटणार नाही. स्कॉटलंडमधील या वाद्यवृंदाचे नाव 'रनरिग'. १९७३ ते २०१८ अशी तब्बल पंचेचाळीस वर्षे तो गात राहिला. इंग्रजीत तर गायलाच, पण जी भाषा मरणपंथाला लागली असे सगळे म्हणत होते, त्या स्कॉटिश गॅलिक भाषेतही गायला.

भाषेची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या वायव्येकडील डोंगराळ भाग आणि बेटे हा गॅलिकचा मुलूख. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत तेथील जमीनदारांनी मेंढपाळीत अधिक पैसा दिसतो म्हणून हजारो कुळांना जमिनीवरून हुसकावून लावले. कोणी ग्लासगोच्या कारखान्यांत गेले, कोणी जहाजात बसून कॅनडाला गेले. १८७२ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे झाले, पण त्यात गॅलिकला स्थानच नव्हते. मुले घरी एक भाषा बोलत आणि शाळेत दुसरी शिकत. गॅलिक बोलून पोटाला मिळत नाही, हे आईबापांनाही पटत गेले. १८९१ च्या जनगणनेत अडीच लाखांहून अधिक लोक गॅलिक बोलत होते. १९७१ पर्यंत हा आकडा नव्वद हजारांच्याही खाली आला.

'रनरिग' हे नावही याच इतिहासातून घेतलेले आहे. गावची जमीन लांबट पट्ट्यांत विभागायची आणि ठरावीक काळाने चिठ्ठ्या टाकून ते पट्टे कुळांमध्ये पुन्हा वाटायचे, म्हणजे चांगली-वाईट जमीन आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला येई. या जुन्या सामाईक पद्धतीला रनरिग म्हणत.

आरंभ : एका मंडळाच्या कार्यक्रमात

रोरी आणि कॅलम मॅकडोनाल्ड हे दोघे भाऊ आणि त्यांचा अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा मित्र ब्लेअर डग्लस या तिघांनी १९७३ मध्ये वाद्यवृंद उभा केला. ही स्काय बेटावरची मुले. त्यांचा पहिला कार्यक्रम झाला तो ग्लासगोच्या केल्विन हॉलमध्ये, नॉर्थ युइस्ट आणि बर्नरे या बेटांवरून शहरात येऊन स्थायिक झालेल्या लोकांच्या मंडळाच्या नृत्यसमारंभात. म्हणजे आपल्याच मंडळासारखे एक मंडळ, आपल्यासारखेच एक संमेलन, आणि मंचावर समाजातलीच तीन हौशी पोरे! तेव्हा काम एवढेच, की लोक नाचतील असे वाजवायचे.

पुढच्या वर्षी स्कायचाच डॉनी मन्रो गायक म्हणून आला. तो चित्रकला शिकवणारा शिक्षक. हळूहळू मॅकडोनाल्ड बंधू स्वतःची गाणी लिहू लागले आणि ती गॅलिकमध्ये लिहू लागले. गॅलिकमध्ये गाण्यांची परंपरा फार मोठी आहे, पण ती प्रामुख्याने कष्टाची, विरहाची, भक्तीची पारंपरिक गाणी. गिटार आणि ड्रमच्या साथीने आजच्या तरुणाचे मन त्या भाषेत मांडायचे, हे नवे होते. १९७८ मध्ये 'प्ले गॅलिक' हा पहिला अल्बम निघाला. त्यातले प्रत्येक गाणे गॅलिक होते.

स्वतःच्या भांडवलावर

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला या कथेतला व्यवहाराचा भाग विशेष भावला. दुसरा अल्बम 'द हायलँड कनेक्शन' १९७९ मध्ये निघाला, तो 'रिज रेकॉर्ड्स' या त्यांच्या स्वतःच्या कंपनीतर्फे. गिटारवादक माल्कम जोन्स आणि थोड्या काळाने ड्रमवादक इयान बेन हेही येऊन मिळाले. 'रिकव्हरी' (१९८१) आणि 'हार्टलँड' (१९८५) हे अल्बमही घरच्याच कंपनीने काढले. गावोगावच्या सभागृहांत कार्यक्रम करायचे आणि पुढच्या कामाला लागायचे, अशी ही वाटचाल होती. श्रोता एकेक करून जोडला गेला, म्हणून तो टिकला.

१९८७ च्या 'द कटर अँड द क्लॅन' या अल्बमने दिशा बदलली. क्रिसालिस या मोठ्या कंपनीने करार करून तो पुन्हा प्रसिद्ध केला आणि रनरिगचे नाव सर्वदूर गेले. १९९१ चा 'द बिग व्हील' ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर, तर १९९३ चा 'अमेझिंग थिंग्ज' दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. १९९१ च्या जून महिन्यात लोमंड सरोवराकाठी त्यांचा खुल्या मैदानात कार्यक्रम झाला, त्याला चाळीस हजारांहून अधिक लोक लोटले.

१९९५ मध्ये तर नवलच घडले. १९८७ च्या त्या अल्बममधले एक गॅलिक गाणे एका बिअर कंपनीने जाहिरातीत वापरले. 'सर्वांत उंचावरचे सफरचंद' असा त्याच्या नावाचा अर्थ. ते ब्रिटनच्या यादीत अठराव्या क्रमांकावर गेले. पहिल्या विसांत पोहोचलेले ते पहिले स्कॉटिश गॅलिक गाणे. ज्या भाषेला शाळेच्या वर्गात जागा नव्हती, ती लंडनच्या घराघरांत वाजली.

गायक गेला, वाद्यवृंद राहिला

१९९७ मध्ये डॉनी मन्रो राजकारणासाठी बाहेर पडला. मजूर पक्षातर्फे त्याने निवडणूक लढवली, पण चार्ल्स केनेडी यांच्याकडून तो हरला. पुढे त्याने स्काय बेटावरील सबाल मोर ऑस्टेग या गॅलिक महाविद्यालयासाठी काम केले. योगायोग असा, की हे महाविद्यालयही १९७३ मध्येच सुरू झालेले.

वीस-बावीस वर्षांचा आवाज गेल्यावर बहुतेक वाद्यवृंद गाशा गुंडाळतात. रनरिगने १९९८ मध्ये कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावरून ब्रूस गथ्रो हा गायक आणला. जमिनीवरून हुसकावलेले गॅलिक भाषक ज्या किनाऱ्यावर उतरले होते, तोच हा प्रदेश. गथ्रो इंग्रजीत लिहिणारा-गाणारा. त्यामुळे गॅलिक गाण्यांचा भार बराचसा रोरी मॅकडोनाल्डने उचलला. काही जुने चाहते नाराज झाले, पण जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये मोठा श्रोतृवर्ग टिकून राहिला. २००१ मध्ये कीबोर्डवादक पीट विशार्टही खासदार होऊन गेला. तो स्कॉटिश नॅशनल पक्षाचा. एकाच वाद्यवृंदातले दोघे दोन वेगवेगळ्या पक्षांत!

आपल्या देशाला स्पर्श करणारी एक आठवण इथे सांगायला हवी. २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयानात आपल्या कल्पना चावला यांच्यासोबत लॉरेल क्लार्क होत्या. नौदलाच्या सेवेत असताना त्या स्कॉटलंडमध्ये राहिल्या होत्या आणि रनरिगच्या चाहत्या होत्या. यानात एके दिवशी त्यांना जागे करण्यासाठी रनरिगचे गाणे वाजवले गेले. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान कोसळले, सातही जण गेले. अवशेषांत क्लार्क यांनी सोबत नेलेली रनरिगची सीडी सापडली. त्यांच्या कुटुंबाने ती वाद्यवृंदाला भेट दिली. २०१६ च्या 'द स्टोरी' या चौदाव्या आणि शेवटच्या अल्बमचा समारोप त्यांना अर्पण केलेल्या गाण्याने होतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दोन दिवस निरोपाचे कार्यक्रम झाले. 'द लास्ट डान्स' हे त्यांचे नाव. नाचाच्या समारंभातून सुरू झालेला प्रवास नाचाच्याच नावाने संपला. २०२३ मध्ये गथ्रोचे निधन झाले.

जमाखर्च

मग गॅलिक वाचली का? २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे ५७ हजार उरले होते. २०२२ मध्ये हा आकडा सुमारे ७० हजारांवर गेला. २००५ मध्ये गॅलिकसाठी कायदा झाला, २००८ मध्ये 'बीबीसी अल्बा' ही दूरचित्रवाहिनी आली, गॅलिक माध्यमाच्या शाळा वाढल्या. याचे सगळे श्रेय एका वाद्यवृंदाला देणे बरोबर नाही, ते अनेकांच्या चिकाटीचे फळ आहे. शिवाय खर्चाची बाजूही आहे. ज्या बेटांवर ती रोजच्या बोलण्यात होती, तिथेच तिचे प्रमाण घटत चालले आहे. हजारो लोक मैदानात गॅलिक गाणे तोंडपाठ म्हणतात, आणि घरी गेल्यावर इंग्रजी बोलतात. गाण्याने भाषेची लाज जाते, पण ती रोज बोलण्याचे काम घरालाच करावे लागते.

तरीही लाज जाणे ही लहान गोष्ट नव्हे. आजोबांची भाषा आपल्या मित्रांसमोर मिरवता येते, हे रनरिगने एका पिढीला दाखवून दिले. आपल्या गणेशोत्सवात नाट्यगीते आणि भावगीते होतात, ती झालीच पाहिजेत. पण नातवंडे आपल्याला हव्या त्या चालीत, गिटार घेऊन, थोड्या मोडक्या मराठीत स्वतःचे काही म्हणू पाहत असतील, तर त्यांना शेवटची पाच मिनिटे न देता मधला चांगला अर्धा तास द्यावा. ग्लासगोच्या त्या मंडळाने १९७३ मध्ये तीन पोरांना मंच दिला, तेव्हा यातून पुढे काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते.