कलावंताचा मोकळा महिना

अनंत चतुर्दशी उलटली की पेण तालुक्यातील जिते-हमरापूर पट्ट्यात एक निराळीच शांतता उतरते. गणेशमूर्तींच्या कारखान्यांतील मांडण्या रिकाम्या झालेल्या असतात, साचे कोपऱ्यात रचून ठेवलेले असतात आणि गेले कित्येक महिने उसंत न घेतलेले हात काही दिवसांपुरते थांबतात. नेमक्या याच सुमारास, पाऊस ओसरल्यावर, मुंबईतील कलादालनांचा हंगाम सुरू होतो. कुठल्या तरी 'रेसिडेन्सी'त राहून आलेल्या चित्रकारांची प्रदर्शने आणि त्यांचे प्रयोग यांच्या बातम्या शरदात वाचायला मिळतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध आहे, आणि तो मोकळ्या वेळेचा आहे.

रेसिडेन्सी म्हणजे कलावंताचा मुक्काम. एखादी संस्था निवडक कलावंतांना काही आठवडे किंवा काही महिने राहायला जागा देते, काम करायला स्टुडिओ देते, जमल्यास खर्चापुरते मानधनही देते. या मोबदल्यात अमुक इतकी चित्रे किंवा शिल्पे द्यावीत अशी सक्ती सहसा नसते. मुक्काम संपताना स्टुडिओची दारे लोकांसाठी उघडली जातात आणि जे झाले, जे अर्धवट राहिले, जे फसले, ते सारे पाहता येते. वरवर पाहता ही चैन वाटते. परंतु ऑर्डर नसलेला वेळ हीच कलेतील सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे, हे फार पूर्वी ओळखले गेले होते. फ्रान्सने 1666 मध्ये रोममध्ये आपली कला अकादमी उघडली ती तरुण कलावंतांना तेथे राहून शिकता यावे म्हणून. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील मॅकडॉवेल वसाहत 1907ची. भारतात 'खोज'ची पहिली कार्यशाळा 1997 मध्ये दिल्लीजवळ मोदीनगरला भरली आणि त्यानंतर हा शब्द आपल्याकडे रुळला.

शब्द नंतर आला. गोष्ट मात्र मुंबईला जुनीच आहे. आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचाव पक्षाची बाजू मांडणारे कायदेपंडित भुलाभाई देसाई यांच्या नावाने वॉर्डन रोडवर जी संस्था उभी राहिली, तिच्या समुद्राकाठच्या वास्तूत 1950 आणि 1960च्या दशकांत कलावंतांना नाममात्र मोबदल्यात काम करता येत असे. वासुदेव गायतोंडे तिथे चित्रे काढीत, हुसेन यांचे तिथे येणे-जाणे होते, इब्राहिम अल्काझी यांचे नाट्यप्रशिक्षण तिथे चाले, पंडित रविशंकर यांचाही तिथे वावर होता. विजया मेहता आणि विजय तेंडुलकर यांच्या 'रंगायन'ने 1960 नंतर मराठी प्रायोगिक रंगभूमीला जे वळण दिले, त्याचाही या वास्तूशी निकटचा संबंध होता. एका दालनात रियाज चालू आहे, दुसऱ्यात नाटकाची तालीम आहे आणि तिसऱ्यात कुणी तासन् तास कोऱ्या कॅनव्हासपुढे बसून आहे, असे शेजार एखाद्या शाळेने आखून घडत नाही. गायतोंडे हे अतिशय सावकाश काम करणारे चित्रकार. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. हाही एक प्रकारचा मुक्कामच. त्याच शहरातील गुगनहाइम संग्रहालयाने 24 ऑक्टोबर 2014 रोजी त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन उघडले, तेव्हा गायतोंडे जाऊन 13 वर्षे झाली होती. भुलाभाई संस्थेची वास्तू तर त्याच्या कितीतरी आधी पाडली गेली आणि तिथे बहुमजली इमारत उभी राहिली. मुंबईने जमिनीचा हिशेब चोख केला, असे फार तर म्हणता येईल.

रेसिडेन्सीतून केवळ चित्रेच बाहेर येतात असे नाही. गोव्यात राहणारे निखिल चोप्रा यांनी 2014 मध्ये माधवी गोरे आणि रोमँ लुस्तो यांच्यासह 'एचएच आर्ट स्पेसेस' ही कलावंतांनीच चालवलेली जागा सुरू केली. चोप्रा यांचा प्रांत परफॉर्मन्स आर्टचा. म्हणजे कलावंताचे शरीर, त्याचा वेश आणि त्याची कृती हेच कलाकृतीचे साहित्य. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे निवासी कलावंत म्हणून 12 ते 20 सप्टेंबर 2019 या काळात त्यांनी त्या संग्रहालयातच मुक्काम ठोकला. नऊ दिवस वेश पालटत ते एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरले आणि मोठ्या कापडावर निसर्गदृश्ये रेखाटत राहिले. प्रेक्षकांना तयार चित्र भिंतीवर पाहायला मिळाले नाही. ते घडताना, कलावंत थकताना पाहायला मिळाले. पुढे डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेच्या सहाव्या पर्वाचे संयोजन चोप्रा आणि एचएच यांच्याकडेच आले. मोजक्या लोकांच्या मुक्कामातून काय उभे राहते, याचे हे अलीकडचे उदाहरण.

आता पुन्हा जित्याकडे. पनवेल-रोहा लोहमार्गावर आपट्यानंतर जिते, मग हमरापूर आणि पेण. या परिसरातील गावांत लाखोंच्या संख्येने मूर्ती घडतात आणि परदेशीही जातात. कित्येक ठिकाणी कारखाना घराला लागून असतो. राहणे आणि घडवणे एकाच छपराखाली. म्हटले तर ही वर्षभर चालणारी रेसिडेन्सीच! फरक इतकाच, की इथे जागा आहे, साहित्य आहे, पिढ्यान् पिढ्यांचे कसब आहे. नाही तो ऑर्डरवाचूनचा महिना. हंगामापूर्वी कर्ज काढायचे, व्यापाऱ्याची उचल घ्यायची, गणेशोत्सवानंतर ती फेडायची आणि पुन्हा साचे मांडायचे. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराच्या हातावर मूर्तीचा सारा भाव अवलंबून असतो; तरीही मूर्ती घरी आणणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसते. कलादालनात सर्वप्रथम वाचली जाते ती नावाची पाटी.

हा केवळ मानाचा प्रश्न असता तर एक वेळ चालले असते. पण या पट्ट्यापुढे साहित्याचाच प्रश्न उभा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी सुचवली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये तिची कठोर अंमलबजावणी करण्यास सांगितले, जूनमध्ये मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन परवानगीवाचून होणार नाही असेही बजावले. त्या वर्षीच्या उत्सवासाठी सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा आदेश जुलैमध्ये झाला. एवढ्या उलथापालथीत हंगाम काढणाऱ्या कारखानदाराने पुढच्या वर्षी काय घडवावे?

शाडूकडे वळा, हे सांगणे सोपे आहे. प्लास्टर साच्यात ओतले की काही मिनिटांत घट्ट होते, मूर्ती पोकळ आणि हलकी निघते, ट्रकमधून दूरवर जाऊ शकते. शाडू वाळायला दिवसच्या दिवस घेतो, पावसाळी हवेत आणखी लांबतो, वजनाला भारी आणि धक्क्याला नाजूक. कागदाचा लगदा किंवा मातीत तंतू मिसळणे असे पर्याय आहेत; पण कोणते मिश्रण साच्यातून स्वच्छ सुटते, तडकत नाही, रंग धरते आणि पाण्यात वेळेत विरघळते, हे पुन्हा पुन्हा फसूनच कळते. फसण्याची मुभा ही रेसिडेन्सीची खरी देणगी असते आणि उचल घेतलेल्या कारागिराला नेमकी तीच नसते.

त्यामुळे शिल्पकार, रसायनतज्ज्ञ आणि मूर्तिकार यांना विसर्जनानंतर दोन-तीन महिने एकत्र काम करता येईल असा मुक्काम या परिसरात व्हावा, ही कल्पना स्वप्नरंजन ठरत नाही. त्यासाठी संग्रहालय बांधावे लागणार नाही. रिकामे कारखाने आहेतच. लागेल ती कारागिराच्या बुडणाऱ्या रोजाची भरपाई, वाया जाणाऱ्या मालाचा खर्च आणि शेवटी पेणमध्ये फसलेल्या नमुन्यांसह सारे काम मांडणारे आठवडाभराचे प्रदर्शन. त्यात प्रत्येक मूर्तीखाली ती घडवणाऱ्याचे आणि तिचे डोळे आखणाऱ्याचे, अशी दोन नावे असावीत.