मुका झालेला संगणक

मुलांनो, आमच्या घरचा जुना संगणक एके दिवशी मुकाच झाला. स्पीकर बदलले, तरी आवाज नाही! भंगारात देणार, तेवढ्यात 'डिव्हाइस मॅनेजर' आठवला. विंडोज १० मध्ये 'स्टार्ट'वर माऊसचे उजवे बटण दाबले, की तो यादीत दिसतो. पाहतो तर साऊंड कार्डाच्या नावाजवळ पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह! म्हणजे बहुधा ड्रायव्हर बिघडलेला. गाडी चालवणारा नव्हे बरं का! हा तर दुभाष्या. संगणकाचे म्हणणे साऊंड कार्डाला समजावणारा छोटासा प्रोग्रॅम. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून तो घेतला, पुन्हा बसवला आणि संगणक बोलू लागला! तुम्हीही आई-बाबांना सोबत घेऊन ही यादी तपासा. भलतीकडचा ड्रायव्हर मात्र घेऊ नका, त्यातून व्हायरस शिरू शकतो. आधी दुभाष्या तपासा, मगच यंत्राला नावं ठेवा!