आभासी यंत्रातील स्मृतिसंदर्भ

आभासी यंत्र : एका संगणकाचे कार्य दुसऱ्या संगणकावर केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने हुबेहूब घडवून आणणाऱ्या साधनास एम्युलेटर किंवा अनुकारक म्हणतात, व अशा रीतीने साकार झालेल्या संगणकास आभासी यंत्र म्हणतात. फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रीस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला क्यूएमू हा अशा अनुकारकांपैकी एक होय.

आभासी अथवा अतिथी यंत्राची स्मृती म्हणजे वस्तुतः यजमान संगणकाच्या स्मृतीचाच एक भाग असतो. आभासी चकती-नियंत्रक माहिती वाचू लागतो, तेव्हा त्या भागाचा पत्ता, म्हणजेच संदर्भ, तो जवळ बाळगतो. वाचन पूर्ण होण्यापूर्वीच अतिथी यंत्राने एखादे उपकरण काढून टाकले, तर त्याची जागा मोकळी होऊन दुसऱ्या कामास दिली जाते. जुना संदर्भ मात्र तसाच राहतो. भाडेकरू बदलला, तरी जुन्या पत्त्यावर टपाल पोहोचावे, तसे हे आहे. यात केवळ चुकीच्या उत्तराचा प्रश्न नसतो. एकाच यजमानावर अनेकांची यंत्रे चालत असल्याने अतिथीने हा दोष साधून यजमानावर ताबा मिळविण्याचा धोका असतो. झेन या प्रणालीसह वापरल्या जाणाऱ्या क्यूएमूत असा दोष २०१५ मध्ये उघडकीस आला. त्यात एकदा काढलेली आभासी चकती पुन्हा काढू पाहिल्यास आधीच मुक्त झालेला संदर्भ वापरला जाई.

यावरील जुना उपाय म्हणजे संदर्भगणना. जॉर्ज कॉलिन्स यांनी तो १९६० मध्ये मांडला. वस्तूचा वापर करणारा प्रत्येक घटक तिच्या गणकात एकाची भर घालतो, काम संपताच एक वजा करतो. गणक शून्य झाला की वस्तू नष्ट होते. क्यूएमूमध्ये स्मृतिप्रदेशास स्वतंत्र गणक नसतो. त्याच्या मालक उपकरणाचा गणक वाढविला जातो. प्रदेशाची नोंद बहुधा उपकरणाच्या रचनेतच असल्याने हे सयुक्तिक आहे. उपकरण काढताच ते पत्त्यांच्या नकाशातून लगेच नाहीसे होते, परंतु नष्ट होते ते शेवटच्या वापरकर्त्याने सोडल्यावरच. वजाबाकी विसरली, तर ते कधीच नष्ट होत नाही. दोन वस्तूंनी परस्परांस धरून ठेवल्यासही तोच परिणाम होतो, आणि हा दोष शोधणे अधिक कठीण असते.

प्रत्येक वाचनाच्या वेळी गणक बदलणे खर्चिक असल्याने २०१५ पासून क्यूएमूत आणखी एक पद्धती योजण्यात आली. तीत नवा नकाशा लागू झाल्यावरही जुना नकाशा त्या क्षणी चालू असलेले सर्व वाचक बाहेर पडेपर्यंत राखला जातो. वाचनखंडाबाहेर संदर्भ न्यावयाचा असल्यास मात्र गणक वाढवावाच लागतो.

रस्ट या भाषेत संदर्भांचे आयुष्य भाषांतरकच तपासतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला फायरक्रॅकर तीत लिहिलेला आहे. तथापि अतिथीची स्मृती भाषांतरकाच्या नकळत कोणत्याही क्षणी बदलू शकते. त्यामुळे तीकडे साधा संदर्भ न ठेवता तिच्यातील माहितीची प्रत घेऊन ती तपासणे इष्ट ठरते.