गप्प बसलेल्या आईसाठी

"बी.कॉम. झालं ना, आता बास की! पुढं शिकून करायचंय काय?" मोरगावसारख्या गावात हे वाक्य सहज कानावर पडतं. त्यातून मुलीनं "मला फायनान्समध्ये एम.कॉम. नाहीतर एम.बी.ए. करायचंय" म्हटलं, की आजी विचारते, "म्हंजे बँकेत लागणार का गं?" वडील फी विचारतात. आई मात्र गप्प. मैत्रिणींनो, आज त्या गप्प बसलेल्या आईशीच बोलायचंय.

कारण हा विषय तिला नवा नाहीच. भिशीचंच बघा. बारा जणी, महिन्याला हजार रुपये. पहिली चिठ्ठी आपल्यालाच लागावी असं प्रत्येकीला का वाटतं? आज हातात आलेले बारा हजार आणि वर्षानं येणारे बारा हजार सारखे नसतात, हे ती जाणते. पुस्तकात यालाच पैशाचं कालमूल्य म्हणतात, आणि या अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते.

आपला हा जिरायत पट्टा. पावसाचा भरवसा नाही. म्हणून एका तुकड्यात बाजरी, दुसऱ्यात कांदा, दारात दोन शेळ्या. एक बुडालं तर दुसरं तारेल. गुंतवणूक अशी विभागल्यानं जोखीम कशी घटते, हे हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये गणितानं मांडलं. त्यांना १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं!

मग शिकायचं कशाला? तर जिथं अंदाज चुकतो तिथं गणित लागतं म्हणून. समजा, कुणी एक लाखाचं कर्ज 'फ्लॅट' १२ टक्क्यांनी दिलं. वर्षभर महिन्याला ९,३३३ रुपये हप्ता. वाटतं, बाराच टक्के! पण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर लागतं. खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या जवळपास. कागदावर सही करण्याआधी हे सांगणारं माणूस घरात असेल, तर केवढा आधार!

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांची गोष्ट आठवते. चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर त्यांनी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. बायका निरक्षर आहेत म्हणून तो नाकारला गेला. बायका अक्षरं गिरवायला बसल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, वाचता येत नसलं तरी व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. हिशेब त्यांना येतच होता, पण पुढचं दार उघडायला शिक्षणाची वाट धरावी लागलीच.

आता सोयीचं बोलू. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, तिथं एम.कॉम. करता येतं. विद्या प्रतिष्ठानमध्ये व्यवस्थापनाचं शिक्षण आहे. एम.बी.ए.साठी राज्याची सीईटी द्यावी लागते. रोज एसटीनं जाणं जमत नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मात्र कुठल्याही दूरस्थ अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्याआधी बघाच. मान्यता असेल, तर ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

फीची धास्ती असेल, तर हेही लक्षात ठेवा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. कॉलेजात नीट चौकशी करा, दाखले वेळेत काढा.

पदवी मिळाली की नोकरी दारात उभी राहते, असं मात्र नाही. शेअरच्या 'टिप्स'ही तिथं शिकवत नाहीत. ताळेबंद वाचणं, जोखीम मोजणं, कुणी दामदुप्पट म्हटलं की 'कसं?' विचारणं, हे शिकवतात. पतसंस्था, बँका, कारखान्याचे हिशेब विभाग, सगळीकडे अशी नजर लागते.

लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडायची की लेकीला शिकवायचं, असा प्रश्न घरात निघेल तेव्हा आई, तू गप्प बसू नकोस. इतकी वर्षं डब्यातल्या नोटा मोजून घर चालवलंस. या विषयात तुझं मत सगळ्यात जाणत्या माणसाचं आहे.